छावणीच्या आधीचा शब्द

माझ्या पहिल्या नोकरीतले पहिले काम खोडण्याचे होते. जिल्हा नवा झाला होता, पण त्याच्या नावाचे कागद अजून छापून आले नव्हते. म्हणून जुन्या कागदांवरचे ‘उस्मानाबाद’ लाल शाईने आडवे खोडायचे आणि त्याच्या डोक्यावर ‘लातूर’ लिहायचे, असे मला रुजू झाल्याच्या दिवशीच सांगण्यात आले. पट्टी लावून, सगळ्या रेघा एकाच जाडीच्या येतील अशी काळजी घेत, मी रोज गठ्ठेच्या गठ्ठे खोडत असे. ते काम मला आवडत होते, हे कबूल करायला हवे. त्यात कोणाशी बोलावे लागत नव्हते.

कचेरी होती विमानतळावर. विमानतळ म्हटल्यावर आज जे डोळ्यांपुढे उभे राहते, त्यातले तिथे काहीही नव्हते. जळकोटच्या रस्त्यावरून आत वळले की एक उघडा माळ लागे. निजामाच्या शेवटच्या वर्षांत लष्कराने तो शेतकऱ्यांकडून घेतला, दगड वेचून आणि रूळ फिरवून विमान उतरेल एवढी पट्टी तयार केली, कडेला शिपायांसाठी दगडी खोल्यांची रांग बांधली आणि एक खोल विहीर खणली. पुढे निजामाचे राज्य गेले. हिंदी फौज आली, काही महिने राहिली आणि तीही गेली. मग खोल्यांची छपरे गेली, दारे गेली, शेवटी दगडही गावातल्या घरांना लागले. उरल्या दोन खोल्या, विहीर, काटेरी तारेचे कुंपण आणि मागाहून डांबर ओतलेली धावपट्टी. तिची देखभाल बांधकाम खात्याकडे होती. वर्षाकाठी तीन-चार वेळा एखादे लहान विमान उतरे, त्यातून कोणी मोठा माणूस येई आणि मोटारीत बसून निघून जाई. सरकारी कागदांत तो सार्वजनिक विमानतळ होता. गावाच्या तोंडी मात्र तो माळ अजूनही ‘छावणी’च होता.

मी आले होते मुदखेडहून. वडील रेल्वेत सांधेवाले होते. छप्पन साली आजोबांनी घरातला देव्हारा उतरवला तेव्हापासून आमच्या भिंतीवर दोनच तसबिरी होत्या, आणि त्यांच्याकडे बोट दाखवून आई मला अभ्यासाला बसवत असे. नांदेडच्या महाविद्यालयात मराठी घेऊन मी बी.ए. झाले. सारांशलेखनाचे बक्षीस मला सलग दोन वर्षे मिळाले होते. दहा ओळींचा मजकूर तीन ओळींत आणताना कोणता शब्द गाळता येतो, हे मला चटकन दिसे. बोलणे मात्र मला कधी जमले नाही. बोलायची वेळ आली की पुस्तकात वाचलेलीच वाक्ये माझ्या तोंडून बाहेर पडत.

दोन खोल्यांपैकी एकीत कचेरी होती. तिथे ओव्हरसियर साहेब आणि मी बसत असू. दुसऱ्या खोलीत पहारेकरी राहत. त्यांना सगळे मामा म्हणत. मीही म्हणे, पण त्या नात्याचा ओलावा आमच्या दोघांत एक दिवसही उतरला नाही.

धावपट्टीचा पूर्वेकडचा निम्मा भाग म्हणजे मामांच्या वडिलांचे शेत. लष्कराने ते घेतले तेव्हा मामा विशीत होते. जमिनीच्या बदल्यात पुढे त्यांना पहारेकऱ्याची नोकरी मिळाली आणि राहायला ती खोली. खोलीचा कागद कोणीच केला नाही. बायको गेली, मुली सासरी गेल्या, आणि साठीकडे झुकलेला हा माणूस स्वतःच्याच शेताची सरकारच्या वतीने राखण करत एकटा राहत होता. धावपट्टी त्यांच्या जिभेवर कधी आलीच नाही. विमान उतरले की ते सांगत, “आज चिंचंपशी टेकलं.” ती चिंच तोडून तीस-पस्तीस वर्षे झाली होती. डांबराला मधोमध तडा गेला तर म्हणत, “साहेब, बांध फुटलाय.”

मी त्यांना आवडले नाही. पहिल्या दिवशी मी त्यांना म्हणाले, “मामा, आपण कृपया माठात पाणी भरून ठेवाल का?” त्यांनी माझ्याकडे पाहिलेसुद्धा नाही. साहेबांकडे वळून विचारले, “साहेब, ह्या बाई बोलून राहिल्या का बातम्या देऊन राहिल्या?”

साहेब पोट धरून हसले. तेव्हापासून मी ‘रेडिओ’ झाले. सकाळी दारातून आत आले की, “हां, लागला रेडिओ.” काही वेळ गप्प बसले की, “सेल संपले जणू.” एकदा खिडकीबाहेर गावातल्या माणसांना ते सांगत होते, “लई म्हाग रेडिओ हाय. पर आपल्याला फुकट. सवलतीत आलेला हाय न्हवं?” त्यावर जे हसू उसळले ते मी लाल शाईची बाटली बंद करत ऐकले. माठ कधी मी भरला, तर त्या दिवशी मामा विहिरीवर जाऊन पाणी पीत. हे त्यांनी कधी बोलून दाखवले नाही. मीही विचारले नाही. त्यांचा मला राग येत असे, आणि तो राग मी फार व्यवस्थित, घडी घालून ठेवावा तसा जपून ठेवला होता.

त्या वर्षी सलग दुसऱ्यांदा पाऊस आला नाही. विहिरीला पाणी आणि भोवती कुंपण, असे दोन्ही त्या पंचक्रोशीत आमच्याच माळावर होते. त्यामुळे सरकारने तिथे जनावरांची छावणी उघडली. बांबू आणि ताडपत्र्यांचे मांडव पडले, चाऱ्याच्या ट्रका येऊ लागल्या, आणि शेकडो बैल, गाई, म्हशी विमानतळावर राहायला आल्या. छावणीचा कारभार गावातल्या एका मोठ्या शेतकऱ्याकडे होता. त्यांना कारभारी म्हणत. आधी मांडव कुंपणालगत होते. मग ते सरकत सरकत धावपट्टीपर्यंत आले, आणि शेवटी जनावरे डांबरावर बसू लागली.

रोज कोणीतरी कचेरीच्या दारात येऊन भांडत असे.

“ओ बाई, पेंड कुठं हाय?”

“पेंडीचे वाटप तहसील कार्यालयाकडून होते.”

“मंग तुमच्याकडून काय व्हतं? इमान उडवता का?”

“उडवत असतील,” मामा बाजूने म्हणत. “रेडिओ हवेतच ऱ्हातो.”

गंमत अशी की त्या माणसांशी मामांचेही वैर होते. आपल्या शेतात विचारल्यावाचून गुरे घातली, असाच त्यांचा हिशेब होता. दिवसातून दहा वेळा ते काठी घेऊन डांबरावरची जनावरे हाकलत आणि त्यांच्या धन्यांच्या सात पिढ्यांचा उद्धार करत. कारभारी ओरडत, “मामा, जमीन सरकारची हाय!” मामा उलटून ओरडत, “बैल बी सरकारचा हाय का? मंग सरकारच्या अंगणात बांध!” माळावर गोड बोलणारे त्या दिवसांत कोणीच नव्हते. पाणी नव्हते, हिरवे नव्हते, आणि ज्याला त्याला दुसऱ्याचे तोंड दिसले की कडू होत असे. मी यातून वेगळी होते असे म्हणणार नाही. मी फक्त आवाज करत नव्हते.

असे चालले असताना एके दिवशी फोन वाजला. साहेब उदगीरला गेले होते. कचेरीतला तो काळा फोन उचलणे मला नेहमीच नको वाटे. मी चार घंटा जाऊ दिल्या आणि मग उचलला. पलीकडे नव्या जिल्हा कचेरीतले कोणी होते आणि घाईत होते.

“लिहून घ्या. परवा सकाळी दहाला मंत्रिमहोदय दुष्काळाच्या पाहणीला विमानाने उतरतील. तुमच्या धावपट्टीवरची ती जनावरांची छावणी उद्या संध्याकाळच्या आत हलवा. एक शेपूट दिसता कामा नये. समजलं?”

“होय,” मी म्हणाले.

संदेश-नोंदवहीत मी लिहिले : ‘मा. मंत्रिमहोदयांचे विमान परवा सकाळी दहा वाजता उतरणार असल्याने विमानतळावरील छावणी उद्या सायंकाळपर्यंत हलविण्यात यावी.’ लिहून झाल्यावर वाचून पाहिले आणि मला समाधान वाटले. वाक्य नेटके होते. ‘जनावरांची’ हा शब्द मी गाळला होता, कारण माझ्या दृष्टीने माळावर एकच छावणी होती, आणि ती कोणाची हे सांगण्याची गरज नव्हती. त्याच माळाला पस्तीस-चाळीस वर्षे गाव छावणी म्हणत आले आहे, हे मी रोज ऐकत होते. पण बाहेरून आलेल्या माणसाला ऐकलेले शब्द लगेच आपले होत नाहीत.

दुसऱ्या दिवशी सकाळी साहेबांनी नोंदवही वाचली. ‘छावणी’ या शब्दावर त्यांनी बोट ठेवले. गुरे हलवायची म्हणजे कारभाऱ्यांशी भांडण, आणि कारभाऱ्यांशी भांडण म्हणजे आमदारापर्यंत तक्रार. मग त्यांनी कपाटातून जुनी फाइल काढली. तिच्यावर उर्दूत आणि खाली मराठीत लिहिले होते : छावणी इमारती. त्यांनी रस्त्यावर काम करणारे चार मजूर बोलावून घेतले. त्यांना खरेच तसे वाटले, की सोयीचे म्हणून त्यांनी तसे वाटून घेतले, हे मला आजतागायत ठरवता आलेले नाही.

मी खिडकीतून पाहिले तेव्हा मामांची पेटी, खाट आणि जाते बाहेर उन्हात आलेले होते आणि दोन मजूर छपरावर चढून पत्र्यांचे खिळे उपटत होते.

“हुकूम आहे, मामा,” साहेब सांगत होते. “छावणी हलवायची आहे. ही खोली कागदोपत्री छावणी इमारत क्रमांक दोन आहे.”

“आन एक नंबर कुठाय?”

“ती कचेरी आहे.”

“व्वा! एका आईची दोन लेकरं. एक साहेब झालं, दुसऱ्याला घरातून काढा.”

“उगाच तोंड चालवू नका. वरून आलेला हुकूम आहे.”

“वरून म्हंजे इमानातून का? दाखवा.”

मामांना वाचता येत नव्हते. साहेबांनी नोंदवही माझ्याकडून मागवली आणि म्हणाले, “बाई, वाचून दाखवा यांना.”

मी दारात उभी राहून वाचले. स्पष्ट, थांबत थांबत, प्रत्येक जोडाक्षर नीट उच्चारत. मामा पहिल्यांदाच माझे बोलणे शेवटपर्यंत ऐकून घेत होते.

“हलविण्यात यावी,” त्यांनी माझे शब्द पुन्हा म्हटले. “आन अजून काय म्हन्ला त्यो?”

‘जनावरांची’ हा शब्द माझ्या तोंडात होता. एवढा एक शब्द मी उच्चारला असता तर मजूर छपरावरून उतरले असते. पण साहेब माझ्याकडे पाहत होते. चूक माझी होती, आणि ती सगळ्यांसमोर सांगावी लागली असती. एवढे कारण मी पुढे कित्येक वर्षे स्वतःला देत आले. त्याच्या शेजारी आणखी एक कारण होते, ते आज लिहिते. ‘सवलतीत आलेला’ हे शब्द मला त्या क्षणी आठवले. फार स्वच्छ आठवले.

“एवढेच,” मी म्हणाले.

“बरं, रेडिओ,” मामा म्हणाले. “संपल्या का बातम्या?”

मी आत येऊन खोडायला बसले. पत्रे एकेक करून खाली पडण्याचा आवाज दुपारपर्यंत येत होता. साहेबांनी पत्रे मोजून कचेरीमागच्या पडवीत रचून घेतले. भिंती पाडायला वेळ पुरला नाही. मामा उघड्या भिंतींच्या आत पेटीवर बसून राहिले. गावात त्यांचे चुलत घराणे होते. तिकडे ते गेले नाहीत. त्यांना कोणी बोलवायलाही आले नाही.

गुरांबद्दल साहेबांनी कारभाऱ्यांना एवढेच सांगितले होते की विमान येईपर्यंत जनावरे जरा मागे ठेवा. कारभारी “ठेवू की” म्हणाले होते. पण दिवसभरात गुरे मागे ठेवण्याचे काम आजवर एकच माणूस करत आला होता.

विमान आले तेव्हा डांबरावर चाळीसएक म्हशी निवांत बसलेल्या होत्या. साहेब धुतलेल्या कपड्यांत हार घेऊन उभे होते. मोटारी आल्या होत्या. विमानाने माळावर एक फेरी घेतली. त्या घरघरीने काही म्हशी उठल्या आणि पट्टीच्या आणखी मधोमध जाऊन उभ्या राहिल्या.

“मामा!” साहेब ओरडले. “हाकला! हाकला की!”

मामा पेटीवरून हलले नाहीत. काठी त्यांच्या मांडीवर आडवी होती.

“कुठून हाकलू?”

“छावणीतून! दिसत नाही का?”

“छावणी हलली न्हवं, साहेब? कालच हलवली तुमी. हुकमापर्माने.” मग माझ्याकडे हनुवटी करून म्हणाले, “इचारा रेडिओला. बातमी तिचीच हाय.”

विमानाने दुसरी फेरी घेतली आणि ते निघून गेले. हार साहेबांच्या हातात राहिला. मोटारींची दारे एकापाठोपाठ आपटल्याचे मला आठवते.

आठवड्याभरात जिल्हा कचेरीतून एक अधिकारी चौकशीला आले. गुरे लगोलग कुंपणाबाहेर दुसऱ्या गावच्या शिवारात हलवली गेली होती. साहेबांनी नोंदवही पुढे केली आणि म्हणाले, “मी संदेशाप्रमाणे कारवाई केली. अक्षर बाईंचे आहे.” अधिकाऱ्यांनी मला विचारले, “फोनवर एवढेच सांगितले होते?”

मी म्हणाले, “नाही.”

“मोठ्याने बोला.”

“नाही. ‘जनावरांची’ असा शब्द होता. तो मी गाळला.”

“का?”

मी खरे बोलले, पण सरळ प्रश्न विचारला म्हणून बोलले. कोणी विचारले नसते तर बोलले असते असे मी म्हणू शकत नाही. मला कारणे दाखवा नोटीस मिळाली आणि ती माझ्या सेवापुस्तकात शेवटपर्यंत राहिली. मामांना कोणी काही विचारले नाही. ते छप्पर नसलेल्या खोलीत राहत होते आणि आता कचेरीच्या माठाकडे फिरकतही नव्हते.

मग जिल्हा कचेरीचे पत्र आले. नव्या नावाचे, छापील. त्या कागदावर मला काहीच खोडायचे नव्हते. मजकूर एका ओळीचा होता : ‘सदर छावणी तात्काळ पूर्ववत करण्यात यावी.’

साहेबांनी ते वाचले आणि त्यांचा चेहरा उजळला. “झालं! गुरं परत आणा म्हणतात. कारभाऱ्यांना निरोप पाठवा. आणि हो, मागे पत्रे पडलेत ना, ते त्यांना देऊन टाका. ताडपत्र्या फाटल्यात त्यांच्या.”

मी पत्र हातात घेतले. दोनदा वाचले. लिहिणारा माझ्यासारखाच असावा. त्यालाही ते वाक्य नेटके वाटले असेल.

“साहेब,” मी म्हणाले, “कोणती छावणी, ते यात नाही.”

“कोणती म्हणजे? छावणी म्हणजे छावणी.”

“फोन करून विचारू या.”

“कशाला? पुन्हा चौकशी लावून घ्यायची आहे का तुम्हाला?”

मी फोनपाशी गेले. आजवर मी कोणाला आपण होऊन फोन केला नव्हता. जिल्हा कचेरीचा नंबर लागेपर्यंत साहेब माझ्याकडे पाहत होते, आणि मी त्यांच्याकडे पाठ करून उभी राहिले. पलीकडच्या लिपिकाने माझा प्रश्न ऐकून घेतला आणि तो हसला.

“अहो बाई, वॉचमनची खोली. जनावरांचं काय पूर्ववत करायचंय? तुम्हीच तो शब्द खाल्ला होता ना?”

“होय,” मी म्हणाले. “आता तुम्ही खाल्ला आहे. मी तो लिहून घेते आहे. आपले पदनाम सांगा.”

मी पत्रावर ‘छावणी’च्या आधी काकपदाची खूण केली आणि वर लाल शाईने लिहिले : ‘पहारेकऱ्याची’. समासात त्या लिपिकाचे पदनाम, वेळ आणि माझी सही घातली. साहेबांनी ते पाहिले. “फार शहाण्या झालात,” ते म्हणाले, आणि त्या दिवसापासून माझी बदली होईपर्यंत कामाशिवाय एक शब्द माझ्याशी बोलले नाहीत.

पत्रे बसवायला तेच चार मजूर आले. जुने खिळे वाकलेले होते, नवी भोके पाडावी लागली. जुन्या भोकांतून उन्हाचे ठिपके खोलीभर पडले होते. संध्याकाळी काम आटोपल्यावर मी पत्र घेऊन मामांच्या दाराशी गेले. का गेले, हे मला नीट सांगता येत नाही. कोणी पाठवले नव्हते.

ते जाते जागेवर बसवत होते.

“मामा, हुकूम आला आहे. वाचून दाखवते.”

“छप्पर दिसून राहिलं मला. वाचायचं काय त्यात?” असे म्हणूनही त्यांनी हात पुढे केला. कागद उजेडाकडे धरला, टंकलेल्या काळ्या ओळीवर नजर फिरवली, आणि लाल अक्षरांवर त्यांचे बोट थांबले.

“हे काय हाय टोपीवानी?”

“शब्द राहून गेला की तिथे अशी खूण करतात. वर तो शब्द लिहितात.”

“काय लिवलंय?”

“पहारेकऱ्याची.”

“कुनी?”

“मी.”

त्यांनी कागद परत दिला. माझ्याकडे पाहिले. त्या नजरेत उपकाराची ओळख नव्हती, आणि असायचे कारणही नव्हते.

“एवढुसा शब्द,” ते म्हणाले. “त्या दिशी काय शाई सरली व्हती?”

मी उभी राहिले. पुस्तकातली सगळी वाक्ये मला त्या वेळी येत होती, पण त्यांतले एकही त्या दारात बोलता येण्यासारखे नव्हते.

“सरका,” मामा जात्यावर वाकत म्हणाले. “उजेड अडवून राहिल्या.”